कर्करोगाचा उपचार कोणाच्या वाट्याला?

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयासमोरच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरून रात्रीच्या वेळी जो कोणी चालत गेला असेल, त्याने पदपथावर निजलेली कुटुंबे पाहिली असतील. प्लॅस्टिकच्या कागदाचा आडोसा, उशाशी तपासण्यांचे कागद ठेवलेली पिशवी, आणि त्या पिशवीवर हात ठेवून झोपलेला नातेवाईक. कानावर पडणारी भाषा कधी बंगाली असते, कधी भोजपुरी, कधी ओडिया. जालना-परभणीकडची मराठीही असते. या माणसांना रुग्णालयाने नाकारलेले नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांची नोंद झालेली असते, उपचारही सुरू असतात. परंतु किरणोपचार म्हणजे सलग पाच-सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, दररोज काही मिनिटे यंत्राखाली पडून राहणे. त्यासाठी रुग्णालयात खाट मिळत नाही आणि वैद्यकीयदृष्ट्या तिची गरजही नसते. ज्याचे घर दहा किलोमीटरवर आहे तो उपचार घेऊन घरी जातो. ज्याचे घर हजार किलोमीटरवर आहे, त्याने हा दीड महिना काढायचा कोठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि अशाच काही संस्था आपल्या परीने आसरा देतात. तेथील जागा संपली की पदपथ उरतो.

हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी गिरणगावाच्या ऐन मध्यभागी उघडले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आले. त्याने केलेल्या कामाविषयी कोणालाही आदरच वाटेल, आणि येथे त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचा मुळीच हेतू नाही. तक्रार असेल तर ती याच्या उलट आहे. अर्ध्या देशाने ज्या एका दारापाशी येऊन उभे राहावे, असे दार इतकी दशके जवळजवळ एकटेच का राहिले? पंजाबच्या माळव्यातील शेतकरी आणि शेतमजूर भटिंड्याहून रात्रीची गाडी पकडून राजस्थानात बिकानेरच्या सरकारी कर्करोग रुग्णालयाकडे जात. त्या गाडीला लोकांनी ‘कॅन्सर ट्रेन’ असे नावच देऊन टाकले होते. हरितक्रांतीच्या राज्यातील माणसाला उपचारासाठी वाळवंट गाठावे लागते, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

कर्करोग गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे एक वाक्य सभासमारंभांतून हमखास ऐकू येते. ते अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक दिशाभूल करणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ सालासाठी काढलेले अंदाज पाहावेत. त्या वर्षी जगात सुमारे २ कोटी नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९७ लाख मृत्यू झाले. भारतात नवे रुग्ण सुमारे १४ लाख आणि मृत्यू सुमारे ९ लाख. या आकड्यांच्या पोटात शिरले म्हणजे खरे चित्र दिसते. अतिविकसित देशांत दर १२ स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात केव्हातरी स्तनाचा कर्करोग होतो आणि ७१ पैकी एकीचा त्याने मृत्यू होतो. सर्वांत कमी विकसित देशांत तो २७ पैकी एकीलाच होतो, परंतु मरण मात्र ४८ पैकी एकीला येते. म्हणजे गरीब देशातील स्त्रीला हा रोग होण्याचा संभव निम्म्याहूनही कमी, आणि त्याने मरण्याचा संभव मात्र कितीतरी अधिक. रोग झाला आहे हे कळणे आणि कळल्यावर उपचार मिळणे या दोन गोष्टींवर हा सारा फरक अवलंबून आहे, आणि त्या दोन्ही गोष्टी समाजव्यवस्थेने ठरवलेल्या आहेत.

उपचाराच्या विषमतेचा विषय निघाला की आपल्या चळवळीत प्रथम औषधांच्या किमतीची चर्चा होते. ते योग्यच आहे, कारण या आघाडीवर लोकशाही चळवळीने खरोखर काही मिळवलेले आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्ता नाकारून केवळ ती तयार करण्याच्या पद्धतीवर मर्यादित हक्क ठेवला होता आणि त्याच बळावर देशी औषध उद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून वस्तूवरील पेटंट पुन्हा लागू झाले. त्या वेळी केंद्रातील सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर उभे होते. डाव्यांच्या आग्रहामुळे २००५ च्या दुरुस्तीत ज्या तरतुदी आल्या, त्यांत कलम ३(ड) चे महत्त्व फार मोठे ठरले. जुन्याच रेणूचे रूप थोडे बदलून, गुणकारितेत भर न घालता, नवे पेटंट मागण्याची वाट या कलमाने बंद केली.

त्याची कसोटी लवकरच लागली. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील इमॅटिनिब हे औषध नोवार्टिस कंपनी ग्लिव्हेक या नावाने महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना विकत होती. भारतीय कंपन्यांचे तेच औषध महिना ८ ते १० हजार रुपयांत मिळत होते. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसह अनेकांनी हरकत घेतली. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ साली अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च २०१२ मध्ये, यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी भारताने पहिला सक्तीचा परवाना दिला होता. बायर कंपनीची महिन्याची किंमत २,८०,४२८ रुपये होती. परवाना मिळालेल्या नॅटको या हैदराबादच्या कंपनीला ते औषध ८,८८० रुपयांत विकणे बंधनकारक झाले. ज्यांना त्या औषधाची गरज होती अशांपैकी जेमतेम दोन टक्के रुग्णांपर्यंतच ते पोहोचत होते, असे पेटंट नियंत्रकांनी आपल्या निकालात नोंदवले आहे. हे औषध भारतीय बाजारपेठेसाठी नव्हे, तर किंमत देऊ शकणाऱ्या पाश्चिमात्य रुग्णांसाठी काढले होते, अशा अर्थाचे उद्गार बायरच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये काढले. पुढे कंपनीने सारवासारव केली. वास्तविक त्यात सारवासारव करण्यासारखे काही नव्हते. मक्तेदार भांडवल असेच चालते आणि त्यांनी ते एकदा स्पष्टपणे सांगितले, एवढेच.

या विजयांचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र येथे थोडे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. पेटंटविरोधी लढा हा न्यायालयात, संसदेत आणि वृत्तपत्रांत लढता येतो. त्यात शत्रू परदेशी असतो आणि ठळक दिसतो. त्यामुळे औषध स्वस्त झाले म्हणजे कर्करोगाचा प्रश्न सुटला, अशी काहीशी समजूत आपल्या मनात नकळत रुजली. प्रत्यक्षात ते ८,८८० रुपयांचे औषधही मिळते कोणाला? ज्याच्या रोगाचे निदान झाले आहे, ज्याच्या गाठीचा तुकडा तपासणारी प्रयोगशाळा आणि तो वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ जवळपास आहे, ज्याला शस्त्रक्रिया करणारा हात मिळाला आहे, त्यालाच. बाकीच्यांसाठी किंमत १ लाख असो की १ हजार, त्याने काही फरक पडत नाही. गडचिरोलीच्या किंवा कोरापुटच्या माणसाच्या लेखी औषध हे या साखळीतील शेवटचे कडे आहे. आधीची कडी तुटलेलीच आहेत आणि ती जोडण्याचा लढा आपण पेटंटच्या लढ्याइतक्या जिद्दीने लढलेलो नाही.

या साखळीतील एक कडे म्हणजे किरणोपचाराचे यंत्र. कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना केव्हातरी त्याची गरज लागते. दहा लाख लोकसंख्येमागे एक यंत्र असावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आपल्याकडे वर्षानुवर्षे उद्धृत केला जातो. तो गाठण्यापासून भारत फार दूर आहे, आणि जी यंत्रे आहेत ती मोठ्या शहरांत व खाजगी रुग्णालयांत एकवटलेली आहेत. आफ्रिका खंडात तर वीसहून अधिक देशांत असे एकही यंत्र नाही. युगांडाकडे एकच होते. चीनने दिलेले ते कोबाल्टचे यंत्र १९९५ पासून कंपाला येथील मुलागो रुग्णालयात चालत होते. २०१६ च्या वसंतात ते कायमचे बंद पडले आणि चार कोटी लोकसंख्येच्या देशात किरणोपचार संपला. नवे यंत्र सुरू व्हायला २०१८ साल उजाडले. मधल्या काळात ज्यांना नैरोबीचे भाडे परवडले ते केनियात गेले.

यंत्र एकदा देणगी म्हणून देऊन भागत नाही, ही गोष्ट समजून घेण्यासाठी कोबाल्टचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. कोबाल्ट-६० चा किरणोत्सर्ग दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. जो रुग्ण पहिल्या वर्षी दोन मिनिटांत मोकळा होत असे, त्याला पाच वर्षांनी त्याच मात्रेसाठी चार मिनिटे यंत्राखाली राहावे लागते. दिवसाकाठी होणाऱ्या रुग्णांची संख्या घटत जाते, बाहेरची रांग वाढत जाते, आणि वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत गाठ मात्र थांबून राहत नाही. स्रोत वेळेवर बदलायचा तर परकीय चलन लागते, परवाने लागतात आणि मात्रा मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ लागतो. कोबाल्टऐवजी विजेवर चालणारे आधुनिक प्रवेगक यंत्र घ्यावे तर अखंड वीज आणि वातानुकूलन लागते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचे देशी यंत्र बनवले. खारघरच्या केंद्रात ते प्रथम चालले आणि व्हिएतनामसारख्या देशाला भारताने ते भेटही दिले. सार्वजनिक क्षेत्र काय करू शकते याचा तो नमुना आहे. परंतु ज्या देशाने हे यंत्र बनवले, त्याच देशातील कित्येक जिल्ह्यांच्या रुग्णालयांत ते नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. यंत्र महाग आहे, औषध महाग आहे, देश गरीब आहे, हळूहळू होईल, असा युक्तिवाद सत्ताधारी करतात आणि आपल्यापैकीही काहींना तो पटतो. या युक्तिवादाची परीक्षा घ्यायची असेल तर स्वस्त गोष्टींचे काय झाले ते पाहावे. त्यासाठी महाराष्ट्रातच, मराठवाड्यात जावे लागेल.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली तेथे बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांची कर्करोग नोंदवही सुरू झाली. देशातील ग्रामीण भागाची ती पहिली नोंदवही. या गावांतून फिरून कार्यकर्त्यांनी स्त्रियांना केवळ माहिती दिली, अंगावरून जाणे अंगावर काढू नका, लवकर या, असे समजावून सांगितले. तेवढ्यानेदेखील गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत घेऊन येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. या पायावर पुढे एक मोठा अभ्यास उभा राहिला. टाटा स्मारक, बार्शीचे रुग्णालय आणि वर उल्लेखिलेली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना त्यात सामील करून घेतले. गावांचे ५२ समूह पाडले आणि त्यांचे चार गट केले. एका गटाची विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्या गटात सौम्य सिरकाम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाची तुलनेसाठी नुसती नोंद. आठ वर्षांनंतर हिशेब मांडला तेव्हा विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि तुलनेच्या गटात ६४. दोन्ही गट साधारण तीस-पस्तीस हजारांचे. आयुष्यात एकदा, फक्त एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. (इतर दोन तपासण्या एकदाच करून मृत्यूंत तेवढा फरक दिसला नाही, हेही नोंदवले पाहिजे.) २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना विषाणूच्या तपासणीची शिफारस केली, तिच्यामागील पुराव्यांत धाराशिवच्या स्त्रियांचा वाटा आहे.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला. तेथे १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रिया सामील झाल्या. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी हीच सिरकाम्लाची पाहणी करून घेतली. सिरकाम्ल म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल. ते लावून मिनिटभर थांबायचे. संशयास्पद भाग पांढरा दिसू लागतो. बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. कापूस, व्हिनेगर, एक दिवा, एक टेबल आणि प्रशिक्षित हात, एवढीच सामग्री. येथे देश गरीब असल्याची सबब चालत नाही.

मग या ज्ञानाचे पुढे काय झाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तुमची कधी झाली आहे काय? ‘होय’ म्हणणाऱ्या १.९ टक्के निघाल्या. स्तनाच्या तपासणीसाठी तोच आकडा ०.९ टक्के. धाराशिवचा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात या एकाच कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. जगातील या मृत्यूंपैकी ९४ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

या अभ्यासांतील तुलनेच्या गटावरून पुढे बरीच टीका झाली. तपासणीने जीव वाचतो असे वाटत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, असा तो आक्षेप आहे. तो हलका मानू नये. तरीही शास्त्रज्ञांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून थांबणे मला सोयीचे वाटते, बरोबर वाटत नाही. त्या वेळी त्या गावांत सरकारी तपासणी कोणालाच मिळत नव्हती. अभ्यास झाला नसता तर चारही गटांतील स्त्रिया तशाच राहिल्या असत्या. खरा अपराध निष्कर्ष हाती आल्यानंतरचा आहे. ज्यांच्या शरीरांनी जगाला पुरावा दिला, त्यांच्या लेकीसुनांना त्या पुराव्याचा लाभ देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेची होती. तिने सगळा देशच तुलनेच्या गटात ठेवला.

धाराशिवला लागूनच बीड जिल्हा आहे. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले, ते वाचकांच्या स्मरणात असेल. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. उचल घेतलेल्या कोयत्याला एक दिवसाचाही खाडा परवडत नाही, पाळीचे चार दिवस तर नाहीच, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. ओटीपोटात दुखते किंवा अंगावरून पांढरे जाते म्हणून खाजगी दवाखान्यात गेलेल्या कित्येक स्त्रियांना सांगण्यात आले की, पिशवी काढली नाहीस तर कॅन्सर होईल. तपासणी नाही, तुकडा काढून पाहणे नाही. फक्त तो एक शब्द उच्चारायचा, आणि कर्ज काढून, मुकादमाकडून आणखी उचल घेऊन ती स्त्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढायची.

शेजारशेजारच्या या दोन जिल्ह्यांकडे एकत्र पाहावे. एका जिल्ह्यात विज्ञानाने सिद्ध केले की एका तपासणीने या रोगाचे मरण निम्म्यावर आणता येते. दुसऱ्यात, ती तपासणी कोठेही उपलब्ध नसल्यामुळे, त्याच रोगाची भीती बाजारात विकली गेली. जेथे सार्वजनिक आरोग्यसेवा माघार घेते तेथे पोकळी राहत नाही. खाजगी धंदा ती भरून काढतो, आणि ज्ञानापेक्षा भीतीत नफा अधिक असतो.

यावर सरकारी उत्तर म्हणून विम्याचे कार्ड पुढे केले जाते. महाराष्ट्रात २०१२ पासून आणि देशपातळीवर सप्टेंबर २०१८ पासून अशा योजना आहेत. केंद्राच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. या कार्डामुळे ज्यांना केमोथेरपी मिळाली त्यांच्या दृष्टीने ते कार्ड मोलाचे आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी लोकांना ते मिळवून दिलेच पाहिजे. परंतु कार्ड मुख्यतः दाखल होऊन किंवा दिवसभर राहून घेतलेल्या उपचारांचे पैसे देते. निदान होईपर्यंतच्या चकरा, तपासण्या, बुडालेली मजुरी, परगावचा मुक्काम, सोबतच्या माणसाचे जेवण हे सारे कार्डाबाहेर राहते, आणि कुटुंब पहिल्यांदा मोडते ते येथेच. शिवाय जेथे यंत्रच नाही तेथे कार्ड कशावर दाखवायचे? सार्वजनिक पैसा शेवटी तेथेच वाहत जातो जेथे आधीच खाजगी रुग्णालये आहेत.

दुसरा मार्ग काय असू शकतो याची काही उदाहरणे सार्वजनिक संस्थांनीच घालून दिली आहेत. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील २३ रुग्णालयांनी एकत्र येऊन ४० औषधांची खरेदी केली. एकेकट्याने घेतली असती तर पडला असता त्या खर्चाच्या तुलनेत ८२ टक्के, म्हणजे सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. कामगार चळवळीतल्या माणसाला हे नवे नाही. यालाच आपण सामुदायिक सौदा म्हणतो. मग तो २३ रुग्णालयांपुरताच का, देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयासाठी का नाही? टाटा स्मारकच्याच डॉक्टरांनी २०२२ साली दाखवून दिले की, डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे केवळ २० मिलिग्रॅम, इतर स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिले, तरी वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर जाते. पूर्ण मात्रा परवडणारे रुग्ण आपल्याकडे शंभरांत तीनही नाहीत. किती कमी औषधात भागेल, हा प्रश्न औषध विकणारी कंपनी कधीही विचारणार नाही. तो सार्वजनिक रुग्णालयातच विचारला जाऊ शकतो.

वेदनेचा प्रश्नही येथे सांगितला पाहिजे, कारण उशिरा आलेल्या रुग्णापाशी बहुधा तेवढेच उरलेले असते. तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे. ते ज्या अफूपासून बनते ती मंदसौर, नीमच, चितोडगड या भागांतील शेतकरी सरकारी परवान्याने पिकवतात. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की, पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडले, आणि एक अख्खी पिढी विनाकारण तळमळत गेली. जगाचे चित्रही असेच आहे. २०१७ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने हिशेब मांडला तेव्हा वर्षाला वितरित होणाऱ्या मॉर्फिनसदृश औषधांच्या २९८.५ टनांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन आले होते. शंभर किलो.

केरळने मात्र वेगळी वाट काढली. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. त्यातून गावोगाव स्वयंसेवकांची जाळी विणली गेली आणि २००८ साली राज्य सरकारने वेदनाशामक सेवेचे धोरण जाहीर केले. परिचारिका पंचायतीच्या वतीने घरी जाते, जखम धुते, औषध देते. हा चमत्कार नव्हे. बळकट पंचायती, शिकलेल्या स्त्रिया आणि सरकारची इच्छा या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या. केरळ गरीब नाही, असे कोणी म्हणेल. १९९३ चे केरळ काही श्रीमंत नव्हते.

शेवटी, आपल्या संघटनांपुढे असलेल्या एका प्रत्यक्ष कामाविषयी. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी तिशीनंतरच्या प्रत्येकासाठी व्हावयाची आहे. तिचा पहिला टप्पा आशा कार्यकर्तीवर टाकलेला आहे. ती घरोघर जाते आणि तिशीपुढील प्रत्येकाचा प्रश्नांचा तक्ता भरते. सरकारच्या लेखी ती कामगार नाही, स्वयंसेविका आहे; तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे, आणि तोही थकतो. आशांच्या संपांत आणि मोर्च्यांत आपले अनेक सभासद राबले आहेत, आणि मानधनवाढीच्या मागण्यांची पत्रके त्यांनी लिहिली आहेत. त्या पत्रकांत आणखी एक मागणी लिहावी लागेल. तक्ता भरून झाल्यावर त्या बाईला पाठवायचे कोठे? ज्या उपकेंद्रावर पाठवायचे तेथे पडदा लावलेले टेबल आहे काय, दिवा आहे काय, तपासणी शिकलेली परिचारिका नेमलेली आहे काय, विषाणूच्या तपासणीचा नमुना घेण्याची सोय आहे काय, आणि संशय आला तर पुढच्या रुग्णालयापर्यंत नेणारी गाडी व मजुरीची भरपाई आहे काय? जिल्हा परिषदेत आपले सदस्य असतील तेथे त्यांनी, आणि नसतील तेथे महिला संघटनेच्या शिष्टमंडळाने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे उपकेंद्रवार यादी मागावी. गेल्या वर्षभरात किती तक्ते भरले हे ते लगेच सांगतील. किती स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी झाली आणि त्यांपैकी किती जणी उपचारापर्यंत पोहोचल्या, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.